डॉक्टर आपांचे दगडी बदाम

डॉक्टर आपांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या डावा गाल दाबून, डोळे मिटून आपल्याच दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. माझी उजवी दाढ ठणकत होती. लातूरला बिऱ्हाड हलवून आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता आणि नव्या शेजारणीने सांगितलं होतं, "कोपऱ्यावरच्या दातवाल्या डॉक्टरीणबाईकडं जावा. हात लई हलका हाय." आणि इथे डॉक्टरीणबाईच दातदुखीने बेजार! मी आल्या पावली परतणार, तेवढ्यात त्यांनी एक डोळा उघडला आणि गालावरचा हात खाली घेतला. तळहातात एक तांबडा, चकचकीत दगड होता.

"गुळगुळीत झाला की न्हाई ते बोटाला कळत न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "बोट खोटं बोलते. गालाला कळते. हे बघा." आणि ओळख ना पाळख, तो दगड त्यांनी माझ्या सुजलेल्या गालावर टेकवला. थंडगार होता. मी सुखाने "आह" म्हटलं. "हां, तसंच उघडं ठेवा," म्हणत त्यांनी आरसा तोंडात घातलासुद्धा.

दगड बदामाच्या आकाराचा होता. बदाम म्हणजे खायचा नव्हे, पत्त्यांतला. तुम्ही दोघं नातवंडं ज्याला हार्ट म्हणता आणि मला निरोपाच्या शेवटी ओळीने पाठवता, तो. असे दगडी बदाम करणं हा आपांचा छंद होता. धंदा दातांचा आणि छंद दगडांचा. दोन्हींत फरक काय, असं मी पुढे एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "दगड बोंबलत न्हाई. आणि 'आ करा' म्हणावं लागत न्हाई."

त्यांचं नाव सादिका, पण सगळी कॉलनी त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायची. नांदेडच्या जुन्या मुसलमान घरातल्या. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. हैदराबादला जाऊन दातांचं शिकल्या, तेव्हा त्यांच्या गल्लीतली मुलगी एकटीने स्टेशनपर्यंतसुद्धा जात नसे. उंच, रुंद खांद्यांच्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हसायला लागल्या की आधी खांदे हलायचे आणि आवाज मागाहून यायचा. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायचं धाडस आमच्या कॉलनीत फक्त एका आजींनी केलं. "दिवसभर लोकांची तोंडं बघते, आजी," आपा म्हणाल्या. "रात्री घरी अजून एक तोंड काहून?"

दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात त्यांचा कारखाना होता. वीज नसताना दात कोरायला पायाने चालवायचं यंत्र असे. शिवणयंत्रासारखी खाली पट्टी, वर चाक आणि दोरीवर फिरणारी सुई. विजेचं नवं यंत्र आल्यावर आपांनी ते जुनं यंत्र व्हरांड्यात आणलं आणि त्याला 'चरखा' नाव दिलं. माणसांच्या दातांसाठी बोथट झालेल्या हिरकणीच्या सुया दगडाला चालत. दगड तापून तडकू नये म्हणून त्यावर सतत पाणी पडावं लागतं. त्यासाठी आपांनी खिळ्याला सलाइनची बाटली टांगली होती. नळीतून थेंब थेंब पाणी दगडावर पडायचं. कॉलनीतली मुलं कुंपणावरून ओरडायची, "आपा, दगडाला सलाइन! वाचंल का ओ?" आणि आपा मान न वळवता सांगायच्या, "जुलाब झालेत त्याला. संध्याकाळपर्यंत उठून बसंल."

शेवटचं पॉलिश, दातांचं करतात तेच. ज्या पांढऱ्या भुकटीने आमचे दात घासून देत, तिनेच दगड घासत. आणि बदाम गळ्यात घालायला जी कडी लागते, ती वेडेवाकडे दात बांधायच्या तारेची. "दाताची तार हाय. तुमची मान तुटंल, ही न्हाई तुटायची," असं सांगून त्या हातात द्यायच्या.

दगड सगळे आपल्याकडचेच. भावाकडे नांदेडला गेल्या की गोदावरीच्या पात्रात उतरून गारगोट्या वेचायच्या. लोह्याकडच्या काळ्या रानांत तर नांगराला लागतात म्हणून शेतकरी त्या बांधावर फेकून देतात. वरून मातकट, आत मात्र कुणी दुधी, कुणी मधाच्या रंगाची, कुणी थेट डाळिंब. परत येताना त्यांची पिशवी एस.टी.त चढवताना कंडक्टर कण्हायचा. "आपा, दगडं भरलीत का काय?" "हौ," आपा खरं सांगायच्या, आणि सगळी गाडी हसायची.

मला पसारा बघवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एका सुट्टीत मी त्यांचे सगळे दगड रंगाप्रमाणे बरण्यांत भरले आणि प्रत्येक बरणीवर गावाचं नाव लिहून चिठ्ठी लावली. आपांनी तोंडभर कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सगळे दगड पुन्हा एकाच घमेल्यात. "बरणीत काय हाय ते बरणीवर लिहिल्यालं असलं की हात घालायला मजा येत न्हाई, बाई," त्या म्हणाल्या.

पण बदामच का? हे मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकी शिकलेली बाई आणि एवढं कळू नये. "गोल दगड नदी करते. चौकोनी पाथरवट करते. बदाम कुणीच करत न्हाई. म्हणून मी करून राहिले." बदामात सगळ्यात अवघड जागा म्हणजे वरची खाच. तिथे जरा जोर जास्त झाला की दगड सरळ दोन तुकडे होतो. तुकडे त्या तुपाच्या जुन्या डब्यात टाकायच्या आणि घमेल्यात पुन्हा हात घालायच्या. तयार झालेला बदाम ज्याला बघून मजा वाटेल त्याला देऊन टाकायच्या. पैसे कधी घेतले नाहीत. "विकला की दगड, दिला की बदाम."

मग भूकंप झाला. त्याबद्दल मी तुम्हाला पूर्वी सांगितलं आहे, इथे फक्त आपांपुरतं सांगते. लातूर शहर हललं, पण उभं राहिलं. औसा आणि निलंग्याकडची गावं राहिली नाहीत. कॉलनीतले आम्ही सगळे घरात जायला घाबरत होतो, शाळेच्या मैदानात पाल ठोकून राहिलो. आपा रोज सकाळी इतर डॉक्टरांबरोबर जीपमधून गावांकडे जायच्या. दातांची डॉक्टर तिथे काय करणार, असं कुणी म्हटलं नाही. जखमा शिवायला हात हवे होते. संध्याकाळी परत यायच्या तेव्हा कोट मातीने भरलेला असायचा. चौथ्या का पाचव्या दिवशी तुमच्या आजोबांना म्हणाल्या, "भाऊसाहेब, माझा चरखा मैदानात आणून देता का? हात रिकामा राहिला की कानात आवाज येतेत."

आजोबा आणि आणखी दोघांनी चरखा उचलून आणला. चिंचेच्या फांदीला सलाइनची बाटली लटकली. पहिल्यांदा मुलं लांब उभी राहिली, मग जवळ आली, मग पट्टीवर पाय मारायला भांडू लागली. आमच्या शेजारची लहान पोर जमिनीवर पाऊल टेकवायला तयार नव्हती. आईच्या कडेवरून उतरतच नव्हती. आपांनी तिला मांडीवर घेतलं, तिचा पाय पट्टीवर ठेवला आणि म्हणाल्या, "ही पण हालते बघ. पण आपण हालवलं तरच." ती पोर जी पाय मारायला लागली ती थांबेना. दगड तापला, बाटली संपली, बदाम खाचेतच फुटला, आणि त्या मैदानात इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मुलांचा हसण्याचा कल्ला झाला. मोठ्यांना आधी हसायची लाज वाटली. मग तीही गेली.

पुढच्या काही वर्षांत आमची कॉलनी ओळखू येईनाशी झाली. कोचिंग क्लासचं पीक आलं. ज्याला खोली होती त्याने खोली भाड्याने दिली, ज्याला नव्हती त्याने गच्चीवर पत्रे टाकले. उमरी, हदगाव, देगलूर, उदगीर, कुठून कुठून मुलं यायची. बारावी करायची आणि मेडिकलला नंबर लावायचा. सकाळी सायकलींचा पूर, दुपारी खानावळींच्या डब्यांचा. आपांनीही दवाखान्यावरचा मजला मुलींना दिला. नियम एकच, दोन वेळा दात घासायचे. राहायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला त्या एक बदाम द्यायच्या. घमेल्यात हात घालून दगड तिनेच काढायचा, बदाम आपा करणार. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि त्या मुलींचंही घ्यायला वर जायची, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

आपांच्या वरच्या मजल्यावरची एक मुलगी मेडिकलला लागली. तिच्या क्लासवाल्यांनी चौकात तिचं मोठं चित्र रंगवून लावलं. पेंटरला चेहरा काही जमला नव्हता. ती मुलगी आहे की तिचे काका, हे लांबून कळत नव्हतं. गळ्यातला तांबडा बदाम मात्र त्याने जीव ओतून काढला होता, पपईएवढा. सगळं लातूर येता-जाता तो बदाम बघू लागलं. आणि महिन्याभरात गावात पक्कं ठरलं की नंबर लागतो तो बदामामुळे.

दवाखान्यात रांग लागली, आणि रांगेत एकाचाही दात दुखत नव्हता. एक गृहस्थ हदगावहून आले होते. मी तिथे बसलेली होते.

"डॉक्टरीणबाई, पोराला फिजिक्स जड जातंय. त्याला हिरवा चालंल का पांढरा?"

"पोराचे दात कसे हायत?"

"दात चांगले हायत की."

"मग फिजिक्सवाल्याकडं न्या. मी दातवाली हाय."

"आसं नका करू बाई. दोन दात काढा हवं तर, पर एक बदाम द्या!"

आपांचे खांदे हलायला लागले. आवाज यायच्या आत त्या आतल्या खोलीत पळाल्या. परत आल्या आणि त्या माणसाला एक दुधी बदाम देऊन टाकला, कारण मजा तर आली होती.

पण मग एका क्लासचे मालक आले. त्यांना घाऊक बदाम हवे होते, प्रत्येकावर क्लासचं नाव कोरून. खूप बोलले. आपा शांतपणे ऐकत होत्या. ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "आ करा." डॉक्टरने सांगितल्यावर माणूस तोंड उघडतोच. आपांनी आरसा घालून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अक्कलदाढ अजून आली न्हाई. आली की मग बोलू." त्यांना दारापर्यंत पोचवून परत आल्या, पण या वेळी हसल्या नाहीत. "बाई, मी खेळून राहिले होते," म्हणाल्या. "ह्या लोकांनी माझ्या खेळण्याचा ताईत केला."

त्या शब्दांतली भीती मला अनुसयाच्या वेळी कळली. अनुसया लोह्याकडच्या एका खेड्यातली. घरची कोरडवाहू शेती, वडील कमी बोलणारे, आई गयाबाई दोघांच्या वाटचं बोलणारी. पोरगी अशी हुशार की माझ्या इंग्रजीच्या चुका काढायची आणि त्या खरंच चुका असायच्या. जीवशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दुपारी तिच्या गळ्यातला बदाम हरवला. दोरा झिजून तुटला असणार. मुलींनी गाद्या झटकल्या, मोरी उपसली, जिना झाडला. नाही सापडला. अनुसया जिन्यात बसली आणि म्हणाली, "मी पेपरला जात न्हाई."

सगळ्यांना वाटलं, रडेल आणि उठेल. ती रडली नाही, उठलीही नाही. गयाबाई परीक्षेपुरती भाकऱ्या करून घालायला आली होती. ती आपांच्या पाया पडायला वाकली. "आपा, येक करून द्या वो माय. लेकराचं वरीस जाईल."

बदाम करायला चार दिवस लागतात, हे सगळ्यांना माहीत होतं. पण आपांच्या स्वतःच्या गळ्यात एक होता, त्यांनी केलेला पहिला, जरासा वाकडा. जिन्यातल्या सगळ्या माना त्या बदामाकडे वळल्या. माझीही. मी हळूच म्हटलं, "द्या ना आपा. आजचा दिवस तरी."

"न्हाई."

"अहो, पोरीचं नुकसान होईल."

"आज दिला तर उद्या जाईल ती. परवा काय करंल? डॉक्टर झाल्यावर पेशंट टेबलावर असताना दोरा तुटला तर?" आपांनी गळ्यातला बदाम मुठीत धरला होता. आपण बरोबर बोलतोय, पण पोरीचं वर्ष गेलं तर ते आपल्या हट्टापायी जाईल, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्या आत गेल्या, तुपाचा तो जुना डबा घेऊन आल्या आणि फुटलेले सगळे बदाम जिन्याच्या पायरीवर ओतले. "हे घे. हेबी सगळे माझ्याच हातचे हायत. फुटले तेव्हा एकानंबी सांगितलं न्हाई की मी डॉक्टर करणारा हाय म्हणून."

अनुसया बघत राहिली. काही फरक पडला नाही. मग आपांनी मागून न घासलेल्या दगडांचं घमेलंच आणून शेजारी ठेवलं. "आणि हे त्याच्या आधीचे."

गयाबाईने त्यातला एक मातकट दगड उचलला. उलटा केला, सुलटा केला, नखाने खरवडला. तिचा चेहरा बदलत गेला. "आगं बया," ती म्हणाली, "ह्ये तर आपल्या वावरातलं दगुड हाय!"

"हौ," आपा म्हणाल्या, "तुमच्याच बाजूचे हायत. लोह्याकडचे."

"म्हंजी नंबर लावायचा दगुड त्यो ह्योच?"

"ह्योच."

"आवं, आमी ह्ये कुत्र्याला मारतो की!" गयाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमच्या बांधावर ढीग हाय ह्याचा, बैलगाडीभर! नंबर लागायचाच आसता तर अनुशे, तुझ्या बाचा पयला लागला आसता. जलमभर त्या ढिगावर बसून बिड्या फुकतोय!"

मग अनुसयाच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. बापाला डॉक्टरच्या कोटात, तोंडात बिडी, दगडांच्या ढिगावर बसलेला तिने डोळ्यांसमोर आणला असावा, कारण ती हसायला लागली ती थांबेचना. तिच्या मागे मुली, मुलींच्या मागे मी, आणि सगळ्यांत शेवटी, खांदे हलून झाल्यावर, आपांचा तो मोठा आवाज. गयाबाईला कळेना की इतकं हसण्यासारखं ती काय बोलली. "हासा, हासा," ती म्हणाली, "आन् ऊठ, भाकर खा."

अनुसया उठली आणि भाकर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पेपरच्या वेळात आपांनी एकही दात काढला नाही. "आज चुकीचा निघंल," असं सांगून पेशंटांना परत पाठवलं आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिल्या. मी कॉलेजातून येताना त्यांच्या शेजारी बसले. रस्त्याच्या टोकाला अनुसया दिसली तेव्हा आपा उभ्या राहिल्या. पोरगी लांबूनच ओरडली, "आपा, दातांवरच आला होता प्रश्न!" आपा मटकन पुन्हा पायरीवर बसल्या.

अनुसयाचा नंबर लागला. नांदेडला, मेडिकलला. आपांनी पेढे वाटले आणि मला म्हणाल्या, "सुटले, बाई. आता सगळ्या लातूरला कळलं. बदामाशिवायबी नंबर लागते."

आपा हुशार होत्या, पण लातूरला त्यांनी अजून ओळखलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मुली नेहमीसारख्या आल्या. घमेल्यात हात घातले, बदाम झाले, गळ्यात गेले. परीक्षा जवळ आली तेव्हा आमच्या दूधवाल्याने एका सकाळी माझ्या पातेल्यात दुधाबरोबर एक मधाच्या रंगाचा बदाम ओतला. "कॅनमधी सापडला," तो म्हणाला. त्याच दिवशी माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत एक निघाला. दुसऱ्या दिवशी आपांच्या पाण्याच्या टाकीत तीन. गल्लीतल्या गाईच्या शिंगाला दोऱ्यासकट एक लटकत होता. आम्हाला काही उलगडा होईना. शेवटी एका नव्या मुलीने आपांनाच येऊन विचारलं, "आपा, माझा कुणीतरी शोधून परत आणून दिला. आता दुसरा द्या ना, हरवायला."

"हरवायला?"

"हो ना! अनुसयाताईचा पेपरच्या आदल्या दिवशी हरवला होता, म्हणून तर तिचा नंबर लागला. नुसता घालून काही होत नाही. हरवावा लागतो."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी आपांकडे पाहिलं. त्यांचे खांदे हललेसुद्धा नाहीत. त्या भिंतीला टेकून थेट खालीच बसल्या. तेवढ्यात दारात फिजिक्सचे एक सर आले, गाल धरून. शेजारच्या खानावळीत जेवत होते. वरणाच्या वाटीत त्यांच्या दाताखाली काहीतरी आलं होतं. त्यांनी रुमाल उघडून दाखवला. अर्धा दात, आणि एक अख्खा, डाळिंबी, सुंदर बदाम.

आपांनी आधी बदाम उचलला, पुसला आणि गालाला लावून बघितला. "ओरखडा न्हाई," त्या म्हणाल्या. आणि मग त्या ज्या हसल्या! सर बिचारे तोंड उघडून खुर्चीत बसलेले, डॉक्टरीणबाई भिंतीला धरून उभ्या, डोळ्यांतून पाणी, हातातला आरसा हलतोय, आणि मी सरांना सांगतेय की हे रोज असं नसतं. शेवटी सरही हसले, अर्ध्या दाताने. आपांनी त्यांचा दात फुकट बसवून दिला.

त्यानंतर आपांनी नियमच बदलला. "ज्यांना आता काही व्हायचं न्हाई, त्यांनाच बदाम," त्यांनी जाहीर केलं. परीक्षा असलेल्या कुणालाही नाही, मुलीच्या लग्नाची काळजी असलेल्यांना नाही, निवडणुकीला उभं राहणाऱ्याला तर मुळीच नाही. राहिले कोण? आम्ही. निवृत्त झालेले, निवृत्तीला टेकलेले, नातवंडं झालेले, गुडघे दुखणारे. पुढच्या संक्रांतीला आमच्या हळदीकुंकवाला बघायला हवं होतं! सत्तरीच्या बायका, नऊवारीत, नाकात नथ आणि गळ्यात मंगळसूत्राशेजारी दगडी बदाम. "अगं, तुझा गुलाबी कसा? मला मेलीला करडा दिला!" अशी भांडणं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आयुष्यात कधी टोपी काढली नव्हती. त्यांच्या सदऱ्याआडून एकदा हिरवा बदाम डोकावला. मी पाहिला हे पाहून ते लाजले आणि म्हणाले, "बाईंनी दिला. काही कारण नाही." तुमच्या आजोबांचा काळा होता. आंघोळीलाही काढत नसत.

वय झाल्यावर आपांनी दवाखाना बंद केला आणि त्या नांदेडला भावाच्या घरी राहायला गेल्या. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. चरखा खिडकीशी ठेवला होता आणि पट्टी भावाची सून मारत होती. आपा दगड धरून होत्या. खाच कुठल्या कुठे चालली होती. "बघा बाई," त्या म्हणाल्या, "हा बदाम हाय की बटाटा?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की सुनेला पट्टी थांबवावी लागली. त्यांनी दोन करून ठेवले होते, एक लाल, एक दुधी, दोन्ही वाकडे. "तुमच्या परदेशातल्या नातवंडांना," म्हणाल्या. मी म्हटलं, "आपा, त्यांना आणखी कितीतरी परीक्षा द्यायच्या आहेत. तुमच्या नियमात बसत नाही." "लांब हायत ना," त्या म्हणाल्या, "तिकडं लातूरची हवा पोचत न्हाई."

त्यानंतरच्या हिवाळ्यात आपा गेल्या. बदाम माझ्याकडे राहिले होते, ते आता या पार्सलात आहेत. कोणता कुणाचा ते तुम्ही भांडून ठरवा. परवा फोनवर बदाम पाठवतेय म्हटलं, तर धाकट्याने विचारलं, "आजी, तो लकी आहे का? कशासाठी असतो?" त्या दिवशी नांदेडहून निघताना मीही हेच विचारलं होतं. "मुलं विचारतील, आपा. काय सांगू? कशासाठी केला म्हणून सांगू?"

आपांनी गालाला लावलेला दगड बाजूला केला आणि थोडा वेळ खरंच विचार केला.

"सांगा," त्या म्हणाल्या, "आजीच्या मैत्रिणीला मजा येत होती."